गोळीचा दोष किती, वयाचा किती

गर्भनिरोधक गोळीच्या इतिहासात एक गंमत दडलेली आहे. ज्या डॉक्टरांनी तिची मात्रा बायकांवर सुरुवातीला वापरून पाहिली, त्यांच्याकडे येणाऱ्या बायकांना मूल नको नव्हतं, हवं होतं. बोस्टनचे जॉन रॉक हे वंध्यत्वावर उपचार करणारे नामांकित डॉक्टर. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या डोक्यात एक कल्पना होती: काही महिने हार्मोन देऊन बीजांडकोशांना सक्तीची सुट्टी द्यायची आणि मग औषध एकदम थांबवायचं. विश्रांती मिळालेले बीजांडकोश जोमाने कामाला लागतील, असा त्यांचा होरा. ८० बायकांना त्यांनी हा उपचार दिला. औषध थांबवल्यावर त्यांपैकी १३ जणींना दिवस गेले. वैद्यकात याला 'रॉक रिबाउंड' असं नावही पडलं.

आजच्या निकषांनी हा प्रयोग फारसा पटणारा नाही. तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि मुलासाठी थांबलेल्या जोडप्यांपैकी काहींना काहीही न करता मूल होतंच. पण रॉक यांच्या टिपणांतली दुसरी बाजू ग्रेगरी पिंकस या शास्त्रज्ञाला जास्त महत्त्वाची वाटली. औषध चालू असेपर्यंत स्त्रीबीज सुटत नव्हतं. दोघं एकत्र आले आणि १९६० साली अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून पहिल्या गोळीला परवानगी मिळाली.

म्हणजे गोळी बंद केल्यावर काय होतं, हा प्रश्न गोळीच्या जन्माआधीचा आहे. आपल्या घरांत मात्र त्याचं उत्तर नेमकं उलटं ठरून बसलंय. "पहिलं मूल होईस्तोवर गोळ्यांच्या नादी लागू नकोस, नंतर दिवस राहत नाहीत," हे नव्या नवरीला मावशी सांगते, जाऊबाई सांगतात, कधीकधी औषधाच्या दुकानातला माणूसही सांगतो. गोळी 'गरम पडते', तांबीने पिशवी खराब होते, इंजेक्शनाने कायमची पाळी जाते. मग दोन-तीन वर्षांनी ते जोडपं 'चान्स घ्यायचं' ठरवतं आणि तीन महिन्यांत काही घडलं नाही की जुन्या गोळ्यांची पाकिटं आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहतात.

आधी गोळी शरीरात नेमकं काय करते ते पाहू. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी दर महिन्याला दोन हार्मोनांच्या मार्फत बीजांडकोशांना निरोप धाडते: बीज वाढवा, बीज सोडा. गोळीतल्या इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेनमुळे तो निरोप निघतच नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो, त्यातून शुक्राणूंना वाट मिळत नाही, आणि गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं. यातलं काहीही साठून राहणारं नाही. गोळीचं औषध काही दिवसांत शरीराबाहेर जातं. म्हणून तर एक-दोन गोळ्या चुकल्या तरी गर्भ राहण्याची भीती असते. जे औषध दोन दिवसांच्या हयगयीने निष्प्रभ होतं, ते बंद केल्यावर दोन वर्षं मागे कसं उरेल?

सरकारी माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ हार्मोनच्या आणि ७ नुसत्या लोहाच्या. लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात जो रक्तस्राव होतो तो हार्मोन थांबल्यामुळे. त्याआधी बीज सुटलेलं नसतं, त्यामुळे ती खरी पाळी नव्हे. गोळ्यांवर असताना 'पाळी अगदी तारखेला येते' असं जे वाटतं, ती तारीख पाकिटाने ठरवलेली असते. पुढची बरीच गुंतागुंत या एका गोष्टीतून निघते.

आता आकडे. युरोपातल्या ५९ हजारांहून अधिक गोळी घेणाऱ्या बायकांचा पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. मूल हवं म्हणून गोळी थांबवलेल्या बायकांपैकी सुमारे २१ टक्के जणी पहिल्याच चक्रात गरोदर राहिल्या आणि वर्षभरात सुमारे ७९ टक्के. यात वाईट काही नाही. कुठलंही साधन न वापरणाऱ्या निरोगी, तरुण जोडप्यालासुद्धा एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण २० ते २५ टक्केच असते. वर्षभरात दहापैकी आठ-साडेआठ जोडप्यांना यश येतं, दोन वर्षांत नऊहून अधिक जोडप्यांना. लग्नानंतर महिन्याभरात दिवस जाणं ही आपल्या सिनेमांनी लावलेली सवय आहे.

डेन्मार्क आणि उत्तर अमेरिकेतल्या जवळपास १८ हजार बायकांचा एक अभ्यास २०२० मध्ये आला, तो मला जास्त उपयोगाचा वाटतो, कारण त्यात साधनांची आपापसात तुलना आहे. प्रजननक्षमता पूर्वपदावर यायला गोळीनंतर साधारण तीन चक्रं लागली, गर्भाशयात बसवायच्या साधनांनंतर दोन, आणि इंजेक्शननंतर पाच ते आठ. त्यानंतर सगळ्या गटांतल्या बायका एका पातळीवर आल्या. आणि एखादं साधन किती वर्षं वापरलं, याचा पुढच्या विलंबाशी संबंध दिसला नाही. एक वर्ष गोळी घेतलेली आणि दहा वर्षं घेतलेली, दोघींची परिस्थिती जवळपास सारखी.

इंजेक्शनवर थोडं थांबायला हवं, कारण इथे लोकांच्या भीतीत थोडं तथ्य आहे आणि ते अर्धवट सांगितल्यामुळेच घोटाळा होतो. सरकारी दवाखान्यांत २०१७ पासून 'अंतरा' नावाने मिळणारं, दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन म्हणजे डीएमपीए. हे औषध बारीक स्फटिकांच्या रूपात स्नायूत सोडलं जातं आणि ते सावकाश विरघळत राहतं. तीन महिने नक्की संरक्षण मिळावं म्हणून मात्रा तशी राखलेली असते, त्यामुळे तीन महिने उलटले तरी ते पुरतं संपत नाही. रक्तात त्याचा अंश सापडेनासा व्हायला शेवटच्या सुईनंतर १२० ते २०० दिवस लागू शकतात. पोटातली गोळी बंद करता येते, स्नायूत गेलेलं औषध काढून घेता येत नाही. शेवटच्या इंजेक्शनानंतर दिवस राहायला लागणारा मध्यम काळ सुमारे दहा महिने. कुणाला चार महिन्यांत राहतात, कुणाला दीड वर्षाहूनही जास्त लागतं. पण दीड वर्षात ९० टक्क्यांहून अधिक जणींना राहतात, आणि किती इंजेक्शनं घेतली यावर हा विलंब अवलंबून नाही. ज्या बाईला पुढच्या वर्षात मूल हवं आहे तिला हे इंजेक्शन देऊ नये, इतका साधा हिशेब आहे. तो सुई टोचण्याआधी सांगितला गेला तर नंतर आशाताईंच्या दारात भांडणं होणार नाहीत.

तांबीची बदनामी वेगळ्या वाटेने झाली. १९७० च्या दशकात अमेरिकेत 'डाल्कन शील्ड' नावाचं एक साधन विकलं जात होतं. त्याचा दोरा अनेक बारीक तंतूंचा गुंडाळलेला होता आणि त्यातून जंतू वर गर्भाशयात चढत. अनेक बायकांना ओटीपोटात गंभीर संसर्ग झाले, नलिका खराब झाल्या, खटले चालले, ते साधन बाजारातून गेलं. पण डाग पडला तो सगळ्याच साधनांवर. आजच्या कॉपर-टीचा दोरा एकतंतू असतो. २००१ साली मेक्सिको सिटीतल्या १,८९५ बायकांच्या अभ्यासात असं दिसलं की एकही मूल नसलेल्या बायकांतसुद्धा पूर्वी तांबी वापरल्यामुळे नलिका बंद होण्याचा धोका वाढत नाही. धोका दिसला तो क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गाच्या खुणा रक्तात असलेल्या बायकांत. आपल्याकडे याच यादीत जननेंद्रियांचा क्षयरोगही धरायला हवा. नलिका बंद असण्यामागे तो गुपचूप बसलेला असतो आणि तांबी काढल्यानंतरच्या तपासण्यांत सापडतो म्हणून तांबीवर शेकतो. तांबी काढली की त्याच महिन्यात दिवस राहू शकतात. हार्मोनवाल्या तांबीचंही साधारण असंच.

'छाया' किंवा 'सहेली' ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, आठवड्यातून एकदा घ्यायची बिगर-हार्मोन गोळी. तिच्यावर असताना काही जणींची पाळी पुढे जाते, बंद केल्यावर ती पूर्ववत होते. निरोधबद्दल तर सांगण्यासारखं काही नाहीच. आणि आय-पिल? तिने एखादी पाळी मागेपुढे होते, कारण ती बीज सुटणं लांबवते, पण पुढच्या महिन्यांवर तिचा परिणाम उरत नाही. कॉलेजात असताना दोनदा घेतलेल्या आय-पिलचं ओझं दहा वर्षं मनावर वागवणाऱ्या बायका आहेत. त्यांनी ते खुशाल उतरवावं.

नसबंदी मात्र या सगळ्यांपासून वेगळी. महाराष्ट्रात आजही सर्वाधिक वापरलं जाणारं साधन म्हणजे बायकांचं ऑपरेशन, आणि ते कायमचं म्हणूनच केलं जातं. नलिका पुन्हा जोडता येतात, पण यशाची खात्री नसते.

मग इतक्या बायकांचा अनुभव वेगळा का? गोळ्या बंद केल्या आणि पाळी बिघडली, असं सांगणाऱ्या सगळ्याच खोटं बोलत नाहीत. एखाद्या मुलीची पाळी विसाव्या वर्षी पन्नास-पन्नास दिवसांनी येत होती. चेहऱ्यावर पुटकुळ्या, हनुवटीवर केस. डॉक्टरांनी पीसीओडी सांगून गोळ्या दिल्या. पाळी 'नियमित' झाली, चेहरा स्वच्छ झाला, लग्न झालं, नोकरी लागली, गोळ्या सुरूच राहिल्या. तिशीत त्या थांबवल्या आणि पाळी पुन्हा पन्नास दिवसांवर गेली. तिला वाटतं गोळ्यांनी बिघडवलं. खरं तर दहा वर्षं ते बिघडलेलंच होतं, पाकिटाच्या तारखेने ते झाकून ठेवलं. आणि झाकणाखाली आणखी एक गोष्ट घडत होती: ती वीसची तीस झाली. बीजांची संख्या आणि प्रत गोळी घेऊन राखली जात नाही. बीज सुटलं नाही म्हणून ते शिल्लक पडलं, असा हिशेब बीजांडकोशात चालत नाही. दर महिन्याला बीजांचा एक गट वाढायला निघतो आणि बहुतेक तसाच विरून जातो, गोळी चालू असो वा नसो. पस्तिशीनंतर ही उतरण स्पष्ट जाणवते. गोळ्यांची वर्षं आणि वयाची वर्षं एकाच कॅलेंडरावर मोजली जातात, म्हणून एकीचा दोष दुसरीच्या माथी जातो. थायरॉइडचा बिघाड, अंगावर आलेलं किंवा झपाट्याने उतरलेलं वजन, एंडोमेट्रिओसिसचं दुखणं, हेही याच झाकणाखाली राहू शकतं.

इथे शहरांतल्या लॅबच्या जाहिरातींबद्दल एक सावधगिरी. एएमएच नावाच्या रक्ततपासणीतून बीजांच्या साठ्याचा अंदाज येतो. गोळ्या चालू असताना हा आकडा बराच कमी येऊ शकतो, त्या थांबवल्यावर काही महिन्यांत तो वर येतो. गोळ्या चालू असताना ही तपासणी करून हातपाय गाळण्यात अर्थ नाही. शिवाय २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, तीस ते चव्वेचाळीस वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ७५० बायकांमध्ये कमी एएमएच असलेल्यांना दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी दिसली नाही. टेस्टट्यूब उपचारात औषधाची मात्रा ठरवायला हा आकडा कामाचा आहे. नव्याने प्रयत्न सुरू करणाऱ्या जोडप्याला तो फक्त घाबरवतो.

गोळ्या थांबवल्यावर तीन महिने 'शरीर स्वच्छ होऊ द्या' असा सल्ला अजून ऐकू येतो. तो सोनोग्राफी सर्रास नव्हती त्या काळातला आहे. शेवटच्या खऱ्या पाळीची तारीख माहीत नसेल तर बाळंतपणाची तारीख काढता यायची नाही, म्हणून एक-दोन पाळ्या जाऊ द्यायच्या. आज पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी ते काम करते. लगेच दिवस राहिले म्हणून गर्भपाताचा धोका वाढत नाही, आणि दिवस राहिल्याचं कळेपर्यंत चुकून गोळ्या चालू राहिल्या तरी त्यामुळे बाळात व्यंग येतं असं आढळलेलं नाही.

थांबायचं नसलं तरी आधीपासून सुरू करायची एक गोष्ट आहे, आणि तिचा उगम आपल्या मुंबईत आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणारा तीव्र पंडुरोग हा तिच्या अभ्यासाचा विषय, आणि परळची हाफकिन संस्था हे तिचं कामाचं ठिकाण. तिच्या लक्षात आलं की हा आजार आहाराशी बांधलेला आहे आणि यीस्टच्या अर्काने, म्हणजे इंग्रज लोक पावाला लावून खातात त्या मार्माइटने, तो बरा होतो. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुण ज्या द्रव्याचा होता ते पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळं करण्यात आलं: फॉलिक अ‍ॅसिड. आणखी पन्नास वर्षांनी, १९९१ मध्ये, ब्रिटिश वैद्यक संशोधन मंडळाच्या चाचणीने दाखवलं की गर्भधारणेच्या आधीपासून ते घेतल्यास बाळाच्या मज्जारज्जूतली व्यंगं पुन्हा उद्भवण्याचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटतो.

'आधीपासून' या शब्दाला इथे फार वजन आहे. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून घडतो ती नळी गर्भधारणेपासून २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, बऱ्याच जणींनी चाचणीही केलेली नसते. डॉक्टरांकडे नाव घातल्यावर मिळणारी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी या कामापुरती उशिराची असते. म्हणून निदान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावं आणि पुढे पहिले बारा आठवडे चालू ठेवावं. दुकानात मिळणारी ५ मिलिग्रॅमची गोळी मधुमेह असलेल्या, फेफऱ्याची औषधं घेणाऱ्या किंवा पूर्वी असं व्यंग असलेलं बाळ झालेल्या बायकांसाठी आहे. ती कुणी घ्यायची ते डॉक्टरांनी ठरवावं. फेफऱ्याचं किंवा कुठलंही नेहमीचं औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

त्याच भेटीत थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन पाहून घ्यावं, आणि थॅलेसेमिया व सिकलसेलची वाहक तपासणीही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल किती घरांत आहे हे तिथल्या लोकांना सांगायला नको. दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात चारात एक बाळ आजार घेऊन येण्याचा संभव असतो. हे आधी कळलं तर हातात पर्याय राहतात. रुबेलाची लस घेतलेली नसेल तर ती घेऊन महिनाभर थांबावं. इथे थांबायला खरं कारण आहे.

आता दिवसांचं गणित. स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं की गर्भ राहतो तो बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, अशा सहा दिवसांतल्या संबंधांतून. बीज सुटून गेल्यावर वेळ निघून गेलेली असते. चौदावा दिवस सगळ्यांना पाठ असतो, पण तो २८ दिवसांच्या पाळीचा. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी, म्हणजे ३५ दिवसांच्या पाळीत एकविसाव्या दिवसाच्या सुमारास. गोळ्या नुकत्याच थांबल्या असतील तर पहिले काही महिने हे चक्र लांब-आखूड होत राहतं, मोबाइलमधलं अ‍ॅप तेव्हा अंदाज चुकवतं. त्यापेक्षा अंगावरचा स्राव अंड्याच्या पांढऱ्यासारखा पारदर्शक आणि ताणला जाणारा झाला की ते दिवस समजावेत. ज्यांना हा सगळा हिशेब नकोसा वाटतो त्यांनी दोन-तीन दिवसांआड संबंध ठेवले तरी काही निसटत नाही. तारखा लावून, रात्री दहाला गजर लावून होणारे संबंध जोडप्याला लवकर कंटाळा आणतात, आणि त्या कंटाळ्याचा तोटा तारखेच्या फायद्यापेक्षा मोठा असतो.

डॉक्टरांकडे कधी जायचं? गोळ्या थांबवून तीन महिने झाले तरी पाळी आली नाही, आणि गरोदरपणाची चाचणी नकारार्थी आली, तर. पाळी येते आहे पण पस्तिशीच्या आत वर्षभर आणि पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर. पाळी पहिल्यापासूनच अनियमित असेल किंवा पूर्वी क्षयरोग, ओटीपोटातला संसर्ग, मोठं ऑपरेशन झालं असेल, तर इतकं थांबूही नये.

आणि जाताना नवऱ्याला सोबत न्यावं. गर्भ न राहणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडचं काही ना काही कारण असतं. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि मूल नको म्हणून शस्त्रक्रिया स्वतःची करून घेतली. शंभर वर्षांनंतरही आपल्याकडे साधन वापरायचं बाईने, ऑपरेशन करायचं बाईने, आणि मूल झालं नाही तर 'हिने गोळ्या घेतल्या होत्या' हेही तिच्याच खात्यावर. तिची सोनोग्राफी होते, नलिकांचा एक्स-रे होतो, दुर्बिणीने पोट पाहून होतं, आणि वीर्यतपासणीचा विषय निघाला की तो म्हणतो, "मला काय झालंय?" ही तपासणी सगळ्यांत सोपी आणि स्वस्त आहे. आधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचवायचा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे तंबाखू, गुटखा, दारू आज सोडली तर त्याचा गुण अडीच-तीन महिन्यांनंतरच्या नमुन्यात दिसतो. पहिला रिपोर्ट बिघडलेला आला तर तितक्याच अंतराने दुसरा करतात. तेव्हा बायकोने गोळ्यांचं शेवटचं पाकीट उघडलं की त्याच दिवशी नवऱ्याने पुडी सोडायला हरकत नाही.